जिम्नॅस्टिक्सच्या ओढीने रशियन शिकताना

१४ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सव्वाअकराला आमच्या घरातले सगळे टीव्हीसमोर बसले होते, कारण रिओ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन साधनावरून घ्यायच्या उडीच्या, अंतिम फेरीत दीपा कर्माकर उतरणार होती. त्या आठवड्यात ‘प्रोदुनोव्हा’ हा शब्द, म्हणजे दीपा घेत असलेल्या अवघड उडीचे नाव, वर्तमानपत्रांपासून आमच्या शाळेच्या स्टाफरूमपर्यंत सर्वत्र ऐकू येत होता. दीपा चौथी आली, कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकले आणि घरातले सगळे हळहळत झोपायला गेले. मी मात्र बसून राहिले आणि साडेबारा उलटून गेल्यावर सुरू झालेल्या अनइव्हन बार्सच्या, म्हणजे कमीजास्त उंचीच्या दोन दांड्यांच्या, अंतिम फेरीत रशियाच्या अलिया मुस्ताफिनाने १५.९०० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलेले पाहिले.

मी शाळेत असताना दोरीचा मल्लखांब केला होता. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून शरीर उलटे तोलताना चेहरा शांत ठेवणे किती अवघड असते, हे मला स्वतःच्या सोललेल्या पायांवरून ठाऊक होते. म्हणून मुस्ताफिनाच्या उड्यांपेक्षा तिची पकड मला अधिक दिसली; बार सोडून पुन्हा धरताना तिच्या खांद्यांत किंचितही घाई नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याविषयी आणि जिच्या नावावरून त्या उडीला नाव पडले त्या येलेना प्रोदुनोव्हाविषयी मिळेल ते वाचू लागले. प्रोदुनोव्हा रोस्तोव्ह-ऑन-डॉनची, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्य आणि बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवर, कांस्य मिळवणारी खेळाडू, इतके इंग्रजीतून कळले; पण प्रशिक्षकांच्या मुलाखती, सरावाची वर्णने आणि जुन्या स्पर्धांचे समालोचन हे सारे रशियनमध्येच होते. शेवटी मी रानडे इन्स्टिट्यूटमधल्या रशियनच्या अर्धवेळ वर्गात नाव घातले. तेव्हा माझे वय एकेचाळीस होते.

लिपी तीन आठवड्यांत आली. खरा गोंधळ झाला तो खेळाच्या नावाचाच. रशियनमध्ये ‘खुदोझेस्त्वेन्नाया गिम्नास्तिका’ म्हणजे शब्दशः कलात्मक जिम्नॅस्टिक्स. परंतु त्या नावाने ओळखला जातो तो रिबन, चेंडू आणि रिंग घेऊन करायचा प्रकार, ज्याला आपण ऱ्हिदमिक म्हणतो आणि ज्याची पद्धतशीर घडण १९३० च्या दशकात लेनिनग्राडमध्ये झाली. मला हवा असलेला प्रकार ‘स्पोर्तीव्नाया’ या नावाखाली होता. महिनाभर मी चुकीच्या शब्दाने शोध घेत राहिले आणि मुस्ताफिना कुठेच का सापडत नाही, याचे नवल करत राहिले.

त्यानंतर मात्र मराठीने मला अनपेक्षितपणे हात दिला. वर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांचा विचार इंग्रजीतून चालत असे, त्यांना तीन लिंगे, सहा विभक्ती आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतला भेद यांचा ताण येत होता. मला ते सारे घरचे वाटले. वडिलांच्या नावाचेही तसेच. आपल्याकडे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये वडिलांचे नाव येते, तसेच तिकडेही येते. फरक इतकाच की आपल्याकडे ते बहुधा अर्जावर आणि दाखल्यावर राहते, तर रशियनमध्ये आदराने हाक मारताना ते उच्चारावेच लागते. ऑलिंपिकमध्ये १८ पदके मिळवणाऱ्या सोव्हिएत जिम्नॅस्ट लातिनिनाबाईंना मुलाखतकार ‘लारिसा सेम्योनोव्ना’ म्हणतो, तेव्हा त्यातला मान मराठी कानाला समजावून सांगावा लागत नाही.

भूतकाळाने मला आनंदही दिला आणि फसवलेही. रशियनमध्ये भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी ‘ल’ येतो आणि तो कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, अगदी आपल्या पडला, पडली, पडले यांसारखा. पण ‘तो पडला’ याला तिकडे ‘उपाल’ म्हणतात आणि ‘ती पडली’ याला ‘उपाला’. समालोचक ‘उपाला’ म्हणाला की माझ्या मराठी कानाला कोणीतरी पुरुष पडल्याचा भास होई, आणि पडद्यावर तर मुलींची स्पर्धा चाललेली असे! ही सवय मोडायला मला जवळजवळ वर्ष लागले.

सर्वांत जास्त रमले ते उपसर्गांत. आहार, विहार, संहार, परिहार ही शाळेत पाठ केलेली मालिका ज्यांना आठवते, त्यांना ‘स्कोक’ या उडीवाचक अंशाची गंमत लगेच कळेल. ‘नास्कोक’ म्हणजे साधनावर चढण्याची उडी, ‘सोस्कोक’ म्हणजे साधनावरून उतरण्याची उडी आणि ‘दोस्कोक’ म्हणजे जिथे पोहोचायचे तिथे पूर्ण पोहोचलेली उडी, म्हणजेच पाऊल तसूभरही न हलवता केलेले लँडिंग. हे तीन शब्द कळल्यावर मी जुन्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या, तेव्हा उतरण्याचा क्षण मला वेगळा दिसू लागला. ‘सोस्कोक’ सगळ्यांचाच होतो, ‘दोस्कोक’ मोजक्यांचा.

रशियन भाषेची परीक्षा मुंबईत दिली. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या या प्रमाणित परीक्षेचे पाच भाग असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकात साधारण दोन तृतीयांश गुण लागतात. तोंडी परीक्षेत छंदाविषयी विचारले, तेव्हा मी २०११ च्या बर्लिनमधल्या युरोपीय स्पर्धेची हकिगत सांगितली. तिथे व्हॉल्टवरून उतरताना मुस्ताफिनाच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. पुढे काय झाले, असे परीक्षकबाईंनी विचारले. ‘परत येत होती’ आणि ‘परत आली’ यांसाठी रशियनमध्ये दोन निराळी क्रियापदे आहेत. क्षणभर अडखळून मी दुसरे वापरले, ‘वेर्नुलास’, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधली तिची चारही पदके क्रमाने सांगितली. तो भाग चांगला गेला, परंतु श्रवणात मी नापास झाले. लिहिलेला प्रत्येक ‘ओ’ तसाच उच्चारला जातो, असे मी मनात धरून ठेवले होते. प्रत्यक्षात आघात नसेल तिथे तो ‘अ’कडे झुकतो आणि कागदावरचे ‘खोरोशो’ तोंडात ‘खराशो’ होते.

नापास झालेल्या एकाच भागाची परीक्षा पुन्हा देता येते. त्यासाठी चार महिने मी रोज सकाळी एकच काम केले: साधारण दीड मिनिटाच्या एका रचनेचे रशियन समालोचन ऐकायचे, थांबवायचे, ऐकू आले ते वहीत लिहायचे आणि पुन्हा ऐकून दुरुस्त करायचे. पहिल्या पानावर दुरुस्तीची लाल शाई मजकुरापेक्षा जास्त होती. दुसऱ्या वेळी मी उत्तीर्ण झाले.

त्यानंतर मी स्वतःहून हाती घेतलेले पहिले मोठे वाचन सोव्हिएत जिम्नॅस्ट येलेना मुखिनाविषयीचे होते. १९७८ मध्ये ती सर्वांगीण, म्हणजे सर्व साधनांवरच्या एकत्रित गुणांत, जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी तिचा पाय मोडला आणि तो पुरता सांधण्याआधीच तिला सरावाला उभे करण्यात आले. ३ जुलै १९८० रोजी मिन्स्कमध्ये, मॉस्को ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे राहिले असताना, फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या रचनेत, एक अवघड उडी घेताना तिची मान मोडली. पाठीवर गुंडाळत उतरायची ती उडी होती. ती मानेखाली लुळी झाली आणि पुढची २६ वर्षे तशीच जगली. ‘ओगोन्योक’ साप्ताहिकाला १९८८ मध्ये दिलेल्या मुलाखतीत तिने सांगितले होते की पडल्यावर तिच्या मनात पहिल्यांदा सुटकेची भावना आली, कारण आता ऑलिंपिकला जावे लागणार नव्हते. ते वाक्य मी शब्दकोश न उघडता वाचले आणि त्या दिवशी त्यापुढे वाचू शकले नाही.

मुस्ताफिनाची रिओची रचना मी आजही महिन्यातून एकदा तरी पाहते आणि समालोचन आता जवळजवळ सगळे कळते. मात्र फ्लोअरच्या जुन्या चित्रफितींमध्ये गुंडाळत उतरायची ती उडी जवळ आली की मी तेवढा भाग न पाहता पुढे जाते.