खड्ड्याच्या नावावर उधारी

बाहेर कुणी विचारलं की तू नेमकं काय करतेस, तर मी "वॉटर अकाउंटिंग" म्हणते आणि विषय बदलते. घरी मात्र तेवढ्यावर भागत नाही. बाबा ऐन उमेदीत खारीगावच्या बाजूला खाडीतून काढलेल्या रेतीच्या धंद्यात हिशेबनीस होते. किती ब्रास उतरली, कुठल्या गाडीत भरली, पावती कुणाच्या नावाची, सगळं त्यांच्या वहीत. माझं काम तेच, फक्त पाण्याचं, असं मी एकदा बोलून गेले आणि तेव्हापासून ते मला सोडत नाहीत.

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या खाणींचे हिशेब करते. तिथली साउथ प्लॅट नदी रॉकी पर्वतातून निघून डेन्व्हर शहरातून पुढे जाते. तिच्या काठाला गोट्यांचे आणि खडीचे जाड थर आहेत. काँक्रीटला लागतात म्हणून ते उपसतात. आपल्याकडे खदानीत काळा दगड सुरुंग लावून फोडावा लागतो, तिथे नदीनेच तो फोडून, घासून, गोल करून ठेवलेला. नुसता उचलायचा. पण काही फूट खणलं की खाली पाणी लागतं. ते पाणी नदीचंच, जमिनीखालून तिच्याबरोबर सरकणारं. वरची खडी काढली की ते उघडं पडतं, त्याचं तळं होतं आणि ऊन त्यातलं पाणी पिऊ लागतं. तिथली हवा कोरडी. उघड्या तळ्यावरून वर्षाला साधारण साडेतीन फूट पाणी उडतं.

आता तिकडे नदीचं पाणी म्हणजे आधी येईल त्याचा आधी हक्क. दीडशे वर्षांपूर्वी ज्याच्या पणजोबाने पाट काढला त्याचा नंबर वर, काल आलेल्या खाणवाल्याचा सगळ्यात खाली. त्यामुळे खड्ड्यातून उडालेलं पाणी खालच्या कुठल्या तरी शेतकऱ्याच्या पाटात कमी पडतं आणि तो ऐकून घेत नाही. 1988 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की भूजल उघडं पाडणारा खाणीचा खड्डा ही कायद्याने विहीरच. विहीर म्हटली की परवाना आला, आणि नदीचं जेवढं कमी केलं तेवढं परत भरणंही आलं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला, त्यात 1981 च्या आधी उघडे पडलेले खड्डे बाष्पीभवनाच्या भरपाईतून सोडले.

"म्हणजे जुन्यांना माफी," बाबा म्हणाले. "ते सगळीकडे असतंच."

माझा हिशेब असा चालतो. उघड्या पाण्याचं क्षेत्र किती एकर, त्यावरून महिन्याला किती उडालं, त्यातून पावसाची वजावट. मग धुऊन बाहेर गेलेली खडी. ओल्या खडीच्या वजनात चार टक्के पाणी धरतात, म्हणजे लाख टन खडीबरोबर जवळपास तीन एकर-फूट पाणी ट्रकमध्ये बसून निघून जातं. रस्त्यावर धूळ बसवायला मारलेलं पाणी वेगळं.

एकर-फूट म्हणजे काय हे बाबांना कळेना. एक एकरावर एक फूट उभं पाणी. लिटरात सांगायचं तर सव्वाबारा लाखांच्या थोडं वर. त्यावरही चेहरा कोराच. शेवटी दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये सांगितलं: एक एकर-फूट म्हणजे एकशे तेवीस टँकर. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकरवरून काय भांडणं होतात ते त्यांना माहीत आहे. एकदम सरळ बसले.

गेल्या वर्षी मी माती खाल्ली. जुलैच्या पत्रकात एका खाणीच्या पश्चिमेकडच्या खड्ड्याचं क्षेत्र मी एप्रिलचंच ओढलं, 25 एकर. मधल्या काळात तिथे खोदकाम पुढे सरकलं होतं आणि उपग्रहाच्या नव्या चित्रात कोपऱ्यात निळ्या-हिरव्या रंगाची जीभ बाहेर आलेली स्पष्ट दिसत होती. बघितलं असतं तर! तिकडच्या वरिष्ठांची एका ओळीची मेल आली: पश्चिमेचा खड्डा पुन्हा मोज. मोजला तर 31. सहा एकरांवर एका जुलैत अर्धा फूट, म्हणजे तीन एकर-फूट, पावणेचारशेच्या आसपास टँकर मी नदीला देणं विसरले होते. त्या रात्री विटाव्यापर्यंत बसमध्ये मी तोच गुणाकार पुन्हा पुन्हा करत होते.

तूट भरली कशी, तर एका शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी खाणवाल्याने भाड्याने घेतलेलं होतं, तेच थोडं जास्त सोडलं. काही जण त्यासाठी पाटांच्या कंपन्यांचे शेअर घेतात, काही वरच्या धरणातून सोडतात. पाणी योग्य वेळी योग्य ठिकाणी नदीत पडलं पाहिजे, एवढीच अट.

"गटाराच्या पाण्याने उधारी फेडली?" बाबा.

"शुद्ध केलेल्या, बाबा."

ते हसले आणि म्हणाले, वरून सोडलेल्या पाण्याचं आपल्याला कसलं नवल? उल्हास नदी उन्हाळ्यात वाहते त्यात मोठा वाटा भिवपुरीचा. 1922 पासून टाटांच्या वीजघरातून घाटमाथ्यावरचं आंध्रा नदीचं पाणी तिच्यात उतरतं. भीमेकडे जायचं ते आपल्याकडे आलं. ते अर्थात विजेसाठी, कुणाची भरपाई म्हणून नव्हे. पण शहाडला उचललेलं पाणी ठाण्यात नळाला येतं तेव्हा त्यात तेही असतंच.

मग मीच विचारलं, तुमच्या वहीत खाडीच्या नावाचा रकाना होता का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. म्हणाले, खाडीला पाणी कधी कमी पडतं का, सहा तासांनी भरती हजर. ते बरोबरच आहे, इथे पाण्याचा हिशेब लागूच होत नाही. पण थोड्या वेळाने आपणहून सांगू लागले, हातपाटीवाले बांबू धरून तळाशी उतरायचे, बादली भरून वर यायचे, आणि दर मोसमात बांबू आधीपेक्षा लांब लागायचा. लांब बांबूचा खर्च वहीत होता. होडीच्या मालकाच्या नावावर.

आता रोज रात्री घरी पोचले की "आज किती उडालं?" असं विचारतात. डिसेंबरात मी सांगितलं, तिकडे खड्ड्यांवर बर्फ धरलाय, बर्फाखालचं पाणी उडत नाही, त्या दिवसांचं धरतच नाहीत.

"मग तुला सुट्टी."

सुट्टी कसली. खड्डा नदीपासून लांब असला की त्याची झळ नदीपर्यंत खडीतून हळूहळू पोचते, कधी महिने लागतात, कधी वर्षं. जुलैत जे उडालं त्यातलं काही नदीला आत्ता कमी पडतंय, म्हणून ते आत्ता भरायचं.

"आणि खाण बंद झाली तर?"

तरी भरायचं. नाहीतर खड्डा बुजवायचा, किंवा भोवती चिकणमातीची भिंत खाली पक्क्या खडकापर्यंत नेऊन नदीपासून तोडायचा. तसे तोडलेले कितीतरी खड्डे तिकडे आता साठवण तलाव झालेत.

बाबांनी ताटावरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. "जेव आधी. जुलैचं बिल डिसेंबरात," ते स्वतःशीच म्हणाले, "आमच्या शेठने ऐकलं असतं तर चक्कर येऊन पडला असता."