मालवणीत सांग बघू

"गोळी घेतलंय मां, मगे लेप्टो कसो होतलो?"

कुडाळकडच्या एका वाडीतला चाळिशीचा शेतकरी आयसीयूच्या खाटेवरून मला हे विचारत होता. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखऱ्या की चादर लागली तरी कळवळायचा. प्लेटलेट उतरलेल्या, क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. लेप्टोच होता, लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात पसरणारा ताप. तापाचे पहिले चार दिवस त्याने घरीच काढले होते, कारण लावणीच्या आधी तो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिकची गोळी देताना आमच्या इंटर्नने त्याला सांगितलं होतं, "आठवड्यातून एकदा घ्या, ९५ टक्के लेप्टो होत नाही."

इंटर्नने हे हवेतून आणलं नव्हतं. आदल्याच गुरुवारी त्याने जर्नल क्लबमध्ये, म्हणजे संशोधनाचे पेपर वाचून मांडायच्या तासाला, हा आकडा देणारा पेपर मांडला होता आणि "छान" म्हणणारी मी होते.

एमडी मेडिसिन करून मी सिंधुदुर्गात परतले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. डीएनबी ही एमडीच्या तोडीची पदवी करणारी तीन मुलं आणि फिरते इंटर्न, एवढा माझा शिकवण्याचा संसार. जर्नल क्लब म्हणजे गुरुवारी जेवणानंतर ओढलेले पडदे, अडतीस स्लाइड, शेवटच्या रांगेतल्या डुलक्या, "लिमिटेशन: स्मॉल सॅम्पल साइझ", थँक्यू. मी स्वतः अशीच शिकले होते, त्यामुळे त्यात काही खटकतही नव्हतं.

पेशंट सुधारला, बाराव्या दिवशी घरी गेला. त्या गुरुवारी मी प्रोजेक्टर लावू दिला नाही. तोच पेपर छापून प्रत्येकाच्या हातात दिला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, १९८४ चा. पनामाच्या जंगलात तीन आठवडे सरावाला गेलेले ९४० अमेरिकन सैनिक, निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी. प्लासिबोवाल्यांत २० जणांना लेप्टो झाला, गोळीवाल्यांत एकाला. ४.२ टक्के आणि ०.२ टक्के.

"म्हणजे मॅडम, ९५ टक्के बरोबरच आहे ना?" तोच इंटर्न. बिचारा आठवडाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"गोळी न घेणाऱ्यांतल्या किती टक्के लोकांना लेप्टो झाला नाही, ते सांग."

त्याने मोबाइलवर वजाबाकी केली. "९५.८."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. ९५ टक्के म्हणजे वीसातली एकोणीस आजारपणं टळली, शंभरातली ९५ माणसं वाचली असं नव्हे. शंभरामागे वाचले चार. म्हणजे एकाचं आजारपण टाळायला पंचवीस जणांना गोळी द्यायची. हा पंचवीसचा आकडा म्हणजेच एनएनटी, नंबर नीडेड टू ट्रीट. त्याची व्याख्या या सगळ्या मुलांना पाठ होती, परीक्षेत दोन मार्कांना येते.

मग मी विचारलं, आपला पेशंट या ९४० जणांत कुठे बसतो? इथे मात्र मुलं सुटली. सैनिक तरणेताठे, पायात बूट, तीन आठवड्यांनी परत. आपला माणूस जूनपासून कापणीपर्यंत अनवाणी चिखलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, बांधाला उंदरांची बिळं. लातूरच्या रेसिडेंटने पुढच्या आठवड्यात आपणहून दुसरा पेपर शोधून आणला. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च, २०००, उत्तर अंदमानातली ७८२ माणसं. गोळी तीच, डोस तोच. आजारी पडले ३.११ टक्के, गोळीविना ६.८२ टक्के. "घट ५४ टक्केच!" म्हणून मुलांचे चेहरे पडले.

माझ्या टेबलाखाली कुणीतरी आणून दिलेली काजूबियांची पिशवी होती. ट्रेमध्ये शंभर बिया मोजायला लावल्या. सात बाजूला काढ. आता त्यातल्या चार परत टाक. उरल्या तीन. हिशेब मांडला तर एनएनटी २७. कुठे ९५ टक्के आणि कुठे ५४, पण पंचवीस आणि सत्तावीस जवळजवळ सारखेच. ज्या पेपरचा आकडा फिका वाटला तो आपल्या भाताच्या माणसाच्या अधिक जवळचा निघाला. शिवाय त्यात एक गोष्ट होती जी ॲब्स्ट्रॅक्ट घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते: रक्ताच्या तपासणीत जंतूचा संसर्ग दोन्ही गटांत सारखाच होता. गोळीने संसर्ग अडला नाही, आजारपण कमी झालं.

एका मुलीने अचूक बोट ठेवलं. "मॅडम, आपल्या वाडीत शंभरात सात तरी होतात का?" नाहीच होत. साथ नसलेल्या वाडीत शंभरात एकच होत असेल, तर निम्म्याने घटवून दोनशेजणांमागे जेमतेम एक वाचेल. मग सरसकट गोळ्या वाटायच्या, की ज्याच्या पायाला जखम आहे आणि जो दिवसभर चिखलात उभा आहे त्याच्यावर लक्ष द्यायचं? दीड तास भांडलो. कुणी डुलकी घेतली नाही. (गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी देत नाही, हे त्या भांडणात दोघे विसरले होते, ते वेगळं.)

तेव्हापासून नियम एकच आहे. पेपर कुठलाही असो, शेवटी तो मांडणाऱ्याने समोर पेशंट आहे असं धरून चार वाक्यं बोलायची, आणि तीही मालवणीत. टक्केवारी चालणार नाही, "रिस्क" चालणार नाही. परीक्षक आमच्या वॉर्डच्या सिस्टर, जन्म वेंगुर्ल्याचा. नागपूरच्या पोराने पहिल्यांदा "तुमका धोको कमी होईन" म्हटलं तेव्हा सिस्टर हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. पण समजून न घेता मालवणीत काही सांगताच येत नाही. इंग्रजीत ते बेमालूम लपतं.

यंदा लावणीच्या तोंडावर त्याच इंटर्नला मी पुन्हा ओपीडीत बसवलं. समोर पन्नाशीची बाई, पायाच्या टाचा भेगाळलेल्या. मी पडद्याआड.

"काकी, शंभर माणसा चिखलात उतरली आणि साथ इली, तर सातांका ह्यो ताप येता. गोळी खाल्ल्यार तिघांका. जेवल्यार भरपूर पाणी घेवन खावा, खाल्ल्यार लगेच आडव्या पडा नको."

"म्हणजे गोळी खाऊनय ताप येवक शकता?"

"होय, येवक शकता."

"मगे?"

"मगे दुसऱ्याच दिवशी हय येवा. गोळी घेतलंय म्हणान घराक बसा नको."

काकींनी पदराच्या टोकाला गोळ्यांची गाठ मारली. "आमच्या शेजाऱ्याक असा कोणी सांगूक नाय," म्हणाल्या.