आमची वाटचाल : ड्रॅगनच्या खुर्च्या आणि आमचा गाळा

जुन्या फर्निचरच्या दुरुस्ती-पॉलिशचं आमचं दुकान म्हणजे ओशिवऱ्याला दहा बाय पंचवीसचा गाळा, पोटमाळ्यापर्यंत रचलेल्या खुर्च्या आणि आत मी, दोन कारागीर नि स्पिरिटचा वास. बाबा राजापूरकडचे सुतार, १९७८ ला मुंबईत आले, गिरगावात एकाकडे पॉलिशला होते, १९८९ ला स्वतःचं सुरू केलं. तेव्हा येईल ते काम घ्यायचे, देव्हारे, शोकेस, डायनिंग टेबलचे मोडके पाय. चिनी खुर्च्या यायला लागल्या त्या पारशी घरांतून.

म्हणजे कसं, १७५७ पासून १८४२ पर्यंत परदेशी व्यापाऱ्यांना चीनमधे समुद्रमार्गे कॅन्टन, म्हणजे आत्ताचं ग्वांगझू, हेच एक बंदर खुलं होतं. मुंबईचे पारशी तिथे कापूस नि अफू घेऊन जायचे आणि येताना रेशीम, चिनी मातीची भांडी आणायचे. पुढे हाँगकाँग, शांघायलाही त्यांच्या पेढ्या झाल्या, आणि त्याच जाण्यायेण्यात ह्या कोरीव हाताच्या खुर्च्या इकडे आल्या. आमच्याकडे येतात त्या बहुतेक १९व्या शतकाच्या शेवटाकडच्या, हाताच्या टोकाला ड्रॅगनचं तोंड, पाठीला ढग, फुलं, वटवाघळं. जड इतक्या की एकट्याने उचलायला गेलात तर कंबर धरलीच समजा. ड्रॅगनचं नाक मात्र कायम गुळगुळीत, शंभर वर्षं लोकांचे तळवे त्यावरच घासलेत ना.

आता माझी फजिती सांगतो, कारण खरा धंदा मी तिथून शिकलो. २००७ ची गोष्ट, दादरच्या एका पारशी आंटींनी जोडी दिलेली. एका खुर्चीची पाठीची फळी खुळखुळायची, हात लावला की टकटक. बाबा गणपतीला गावी, मी नवीन नवीन, अंगात हुशारी मावत नव्हती, म्हटलं लूज झालीय, चारी बाजूंनी ग्लू सोडला, मागून दोन स्क्रू मारले आणि वरून चकाचक मेलामाइन, म्हणजे आजकालचं केमिकलचं पॉलिश. जानेवारीत आंटींचा फोन, "डिकरा, खुर्सी तूटी गई." जाऊन बघतो तर फळी वरपासून खालपर्यंत उभी तडकलेली.

बाबांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, हिला बांधून कोणी घातली? ती लूज नव्हतीच, मुद्दाम तशी ठेवलेली होती. चिनी सुतार चौकटीला आतून खाच पाडतो आणि फळी त्यात नुसती सरकवतो, चिकटवत नाही, खिळा मारत नाही, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं नि थंडीत आक्रसतं, त्याला हलायला जागा लागते. मी ती भर भाद्रपदात फुगलेली असताना जाम केली, मग ती आक्रसताना फाटणार नाही तर काय. ग्लू सोडवायलाच चार दिवस गेले. मग भेगेत पातळ चीप सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांपासून करतात त्या जुन्या पद्धतीच्या गोंदाने, बसवली आणि फळी परत मोकळी सोडली. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, आंटींनी उलट मावा केक खायला घातला, त्याची जास्त लाज वाटली. स्क्रूची भोकं आजही आहेत त्या खुर्चीला.

तेव्हापासून जुन्या पीसला सरस आणि चपडीची, म्हणजे लाखेची पॉलिश, बास. सरस गरम पाण्याने सुटतो, पुढच्या माणसाला खोलता येतं.

कस्टमर पण एकेक भारी असतात. एकाला वटवाघळं अपशकुनी वाटली, म्हणे छिलून कमळ करून द्या. त्यांना बसवून सांगितलं की चिनी भाषेत वटवाघळाला फू म्हणतात आणि भाग्यालाही फूच, पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. आता तेच घरी आलेल्यांना मोजून दाखवतात! दुसरे एक अमेरिकेतल्या मुलाकडे जोडी पाठवा म्हणून मागे लागलेले. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपुढची असली कलाकुसरीची वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे सांगितल्यावर ते माझ्यावरच चिडले.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे चिनी की मुंबईची हे सांगणं. १९व्या शतकात मुंबईतही काळ्या शिसवीचं जबरदस्त कोरीव फर्निचर बनायचं, डीलर त्याला बॉम्बे ब्लॅकवूड म्हणतात, आणि घरच्यांना मात्र खात्री असते की खापरपणजोबांनी जहाजातून आणलंय. कॅन्टनकडच्या खुर्च्यांचं एक नेहमीचं लाकूड आहे, त्याच्या चिनी नावाचा अर्थच आंबट फांदी. बाबा खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, पटाशीने नखाएवढं खरवडून नाकाशी धरायचे, व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तिकडची, शिसवीचा वास गोडसर. नक्षीही बघतो, जोडही बघतो, पण माझा पहिला भरवसा नाकावर.

सध्या चार खुर्च्यांचा सेट आलाय, फोनवर सांगितलं होतं चारही चीनच्या. काल खरवडून बघितलं, दोन आंबट आणि दोन गोड. मालक रविवारी येतायत, अजून त्यांना सांगितलेलं नाही.