लक्झेंबर्ग अल्बम: १९१९ चं पान शेवटी लागलं

मंडळी, माझ्या लक्झेंबर्गच्या टपाल तिकिटांच्या अल्बममधलं दोन महिने रखडलेलं १९१९ चं पान काल रात्री पूर्ण झालं. अडचण अशी होती की त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट तिकिटावर नाहीच. २८ सप्टेंबरला सार्वमत झालं, राजघराणं ठेवायचं की रिपब्लिक करायचं, आणि ७७ टक्क्यांच्या वर मतं ग्रँड डचेस (म्हणजे तिथली राणीच) शार्लटला पडली, त्यात बायकांनी पहिल्यांदाच देशपातळीवर मत दिलं. म्हणजे ती गादीवर राहिली ती लोकांनी ठेवली म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते.

मग मी तिथे तिच्या थोरल्या बहिणीची तिकिटं लावली, मारी-अॅडेलाईडची, १९१४ ची सिरीज. महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिने त्यांच्याशी जवळीक ठेवली हा लोकांचा राग होता, म्हणून जानेवारी १९१९ मध्ये तिला पायउतार व्हावं लागलं, त्याच सुमारास राजधानीत रिपब्लिक जाहीर करायचा प्रयत्नही झाला, तो फ्रेंच सैन्याने मोडून काढला, आणि १५ तारखेला शार्लट गादीवर आली, वय २२. पण टपालावर चेहरा थोरलीचाच राहिला, शार्लटचं तिकीट यायला १९२१ उजाडलं. माझ्याकडे एक एशचा शिक्का असलेलं आहे, पोलादाच्या कारखान्यांचं गाव ते, भिंगाखाली धरलं की मारी-अॅडेलाईडच्या गालावर १९२० स्पष्ट वाचता येतं. पानाच्या मधोमध तेच लावलंय, कडेचे दोन दाते तुटलेत तरी.

सार्वमताच्या त्याच दिवशी दुसरा प्रश्न होता, व्यापारी युती कुणाशी? ७३ टक्के म्हणाले फ्रान्सशी. फ्रान्सने हात वर केले आणि १९२१ मध्ये करार बेल्जियमशी झाला. त्याची फक्त एक ओळ हाताने लिहिलीय.

१९२३ च्या पानावर जागा रिकामी आहे. राजकन्या एलिझाबेथच्या जन्मानिमित्त ३ जानेवारीला निघालेलं १० फ्रँकचं हिरवं शीट, जगातलं पहिलं सुवेनिर शीट (खास प्रसंगाची आठवण म्हणून काढलेला तिकिटाचा छोटा कागद) म्हणून त्याचं नाव घेतात, सध्या बजेटच्या बाहेर आहे. झेरॉक्स लावणार नाही.

आता १९३७. कम्युनिस्ट पक्षावर बंदी आणायचा कायदा संसदेने पास केलेला, लोकांनी त्याला मुस्कटदाबीचा कायदा म्हटलं, ६ जूनच्या सार्वमतात ५१ टक्क्यांहूनही कमी, अशा जेमतेम बहुमताने तो पाडला आणि पंतप्रधान जोझेफ बेक यांनी राजीनामा दिला. कुणाकडे जून १९३७ चा शिक्का वाचता येईल असं शार्लटचं वापरलेलं तिकीट डबल असेल तर कळवा, बदल्यात बेल्जियमची भरपूर आहेत.