अनोळखी लिफ्ट किटची ओळख

जुनी गोल्फ कार्ट माझ्याकडे आली तेव्हा ती आधीच उंच केलेली होती, पण लिफ्ट किटवर (गाडी उंच करणाऱ्या भागांच्या संचावर) कुठेही उत्पादकाचे नाव किंवा क्रमांक नव्हता. अशा वेळी नाव शोधत बसण्यापेक्षा रचना ओळखावी, असे माझे ठाम मत आहे. पुढचा संपूर्ण ॲक्सलच (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) बदलून त्याची टोके खाली उतरवली असतील, तर ते ड्रॉप ॲक्सल किट होय. मूळ ॲक्सल कायम ठेवून फक्त उंच स्पिंडल (चाक ज्यावर फिरते ते भाग) बसवले असतील, तर स्पिंडल लिफ्ट. आणि त्रिकोणी बाहू व स्वतंत्र शॉक ॲब्सॉर्बर दिसले, तर ए-आर्म. माझे किट स्पिंडलचे निघाले.

मागे पाटा स्प्रिंग आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे होते व ते ठीक होते. खरी अडचण पुढच्या बाजूला होती. टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा) इतका तिरका झाला होता की प्रत्येक खड्ड्यात चाकांची दिशा बदलत असे. तो शक्य तितका आडवा करून मी टो-इन पुन्हा जुळवले: पुढच्या दोन्ही टायरांमधले अंतर त्यांच्या मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला सुमारे ३ ते ६ मिलिमीटर कमी ठेवले.

त्यानंतर ब्रेकच्या केबल तपासल्या, कारण उंची वाढली की त्या ताणल्या जातात आणि ब्रेक अर्धवट लागून राहू शकतात. स्प्रिंग ॲक्सलला घट्ट धरणारे यू-बोल्ट थोड्या अंतराच्या फेरीनंतर पुन्हा आवळले. उंचीमुळे गुरुत्वमध्यही वर सरकतो, म्हणून वळणावर आता मी वेग आधीच कमी करतो.