तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या केसांत गाठ सापडते कशी?

“एवढ्या दाट केसांत तुम्हाला कातडीवरची बारीकशी गाठ सापडते तरी कशी?” मांजरं पाळणारे मला हमखास विचारतात. ती डोळ्यांना नाही, बोटांना सापडते. आठवड्यातून एकदा, मांजर पेंगुळलेलं असताना, मी केसांच्या उलट्या दिशेने बोटं फिरवते. हनुवटीपासून शेपटीच्या मुळापर्यंत, मग पोट. पोटावरची स्तनाग्रं पहिल्यांदा हाताला लागली की गोचीड वाटते. ती उपटायला जाऊ नका, बोक्यांनाही असतात!

शेपटीच्या मुळाशी बाजरीसारख्या खपल्या लागल्या, की पहिला संशय पिसवांवर. तिथली काळी कणी मी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवते. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. (कुत्र्यांचं पिसवांचं औषध मात्र कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजरीच्या जिवावर बेततं.)

या तपासणीच्या नोंदींची वही ठेवायला लागले ती कानामुळे. आमच्या पांढऱ्या मांजरीच्या कानाच्या टोकाला खपली धरली. भांडणात ओरखडलं असेल, म्हणून सोडून दिलं. खपली पडली, पुन्हा आली. दर वेळी मला ती नवीच वाटायची. एकदा फोनमधले जुने फोटो चाळताना 3 महिन्यांपूर्वीच्या फोटोत नेमकी त्याच जागी खपली दिसली, आणि तेव्हा टोकदार असलेला कान आता बोथट झालेला. पोटात गोळाच आला. तुकडा तपासल्यावर निघाला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. पांढऱ्या कानांवर केस विरळ, उन्हापासून बचाव नाही, म्हणून तिथे हा कर्करोग होतो. कानाची पाळी कापावी लागली.

तेव्हापासून फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरते आणि तारीख लिहिते. इंजेक्शनच्या जागेवरच्या गाठीसाठी तर डॉक्टरांचा 3-2-1 असा नियमच आहे: इंजेक्शननंतर गाठ 3 महिन्यांनीही तशीच आहे, 2 सेंटिमीटरहून मोठी झाली आहे, किंवा 1 महिन्यानंतरही वाढते आहे, यातलं एक जरी झालं, तरी तुकडा काढून तपासायचा. तारखेशिवाय हे कळणार कसं?

स्तनाजवळ गाठ लागली तर मात्र मोजत बसत नाही. मांजरींमध्ये तिथल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायची बास्केट काढते.