ढीग मधोमध, वजन मागे

“साहेब, स्टिअरिंग एकदम हलकं लागतंय. पुढची चाकं उचलतायत की काय!”

रॅम्प चढणाऱ्या डंपरच्या ड्रायव्हरचा हा आवाज वॉकीटॉकीवर आला, तेव्हा माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं. एकूण वजन ठरल्याइतकं, हौद्यातला ढीग मधोमध, कडेने एक दगड सांडलेला नाही. मी त्याला गाडी हळू घ्यायला सांगितलं आणि पुढचं लोडिंग थांबवलं.

खाणीतल्या एका मोठ्या पोकलेनने स्वतःहून डंपर भरावेत, हे आमचं काम. बूमच्या, म्हणजे पोकलेनच्या लांब हाताच्या, दोन्ही बाजूंना लेझर स्कॅनर. ते समोरचा माल बघतात आणि शेजारी लागलेला हौदाही. केबिनमध्ये पोकलेनचे ऑपरेटर मामा बसलेले. जॉयस्टिकला हात लावायचा नाही, पण थांबवायचं लाल बटण हाताशी. मशीनने ट्रक भरणं तसं नवीन नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या चमूने १९९०च्या दशकातच २५ टनी एक्स्कॅव्हेटरवर दोन लेझर स्कॅनर बसवून, कुशल ऑपरेटरच्या तोडीच्या वेगाने ट्रक भरून दाखवले होते. खरी कटकट भरण्यात नाही, वजनाचा तोल साधून भरण्यात आहे.

आमच्या ६० टनी डंपरला सहा टायर, पुढे दोन आणि मागे चार. भरलेल्या गाडीचा एक तृतीयांश भार पुढे आणि दोन तृतीयांश मागे पडला, की प्रत्येक टायरच्या वाट्याला सारखंच वजन येतं. हे बिघडलं की मागचे टायर तापतात, आणि चढावर वजन आणखी मागे सरकून पुढची पकड जाते. खाणीत सगळे १०-१०-२० नियमाचे दाखले देतात: सरासरी ठरलेल्या वजनाइतकी हवी, दहा टक्क्यांहून जास्त खेपा ११० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, आणि १२० टक्क्यांच्या वर एकही नको. नियम चांगला आहे, पण तो एकूण वजनापुरता. ते वजन हौद्यात कुठे बसलंय, हे त्यात येत नाही.

डंपरच्या सस्पेन्शनमधल्या दाबाचे आकडे काढले. पुढचे दाब कमी, मागचे जास्त. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, गाडी उभी असताना सस्पेन्शनच्या सिलिंडरमधले सील घर्षणाने अडकून बसतात, त्या आकड्यांवर काय विश्वास ठेवायचा! मुद्दा बरोबर होता. म्हणूनच गाडी हलल्यावर वजन पुन्हा घेतलं जातं. पण हलल्यानंतरचे आकडेही तेच सांगत होते, आणि आधीच्या खेपांतही तोच कल. सेन्सर बिघडलेला नव्हता.

मग खाली उतरून मालच बघितला. रात्री पाऊस झाला होता. ब्लास्टिंगनंतर पडलेल्या ढिगात वर मोठे, कोरडे दगड. दगडादगडांत हात जाईल एवढी पोकळी. तळाला मात्र बारीक चुरा आणि त्यात मुरलेलं पाणी. मूठ दाबली की बोटांमधून गाळ यायचा. वरचा माल घनमीटरला दीड टनाच्या आसपास, खालचा दोन टनांच्या जवळ जाणारा. बकेट तेवढीच भरलेली दिसणार, वजन वेगळं.

पोकलेन बेंचवर, म्हणजे खाणीतल्या वरच्या पायरीवर, उभं राहून ढिगाचा एकेक पट्टा वरून खाली खणत होतं, आणि एक पट्टा संपेपर्यंत साधारण एक डंपर भरत होता. ओतताना क्रम पुढून मागे. म्हणजे हलका माल दर वेळी पुढे आणि ओला, जड माल मागे. स्कॅनरला दिसतो तो वरचा आकार, आणि आकार अगदी देखणा होता.

“आमी पहिली बकेट चुऱ्याचीच टाकतो, मधोमध,” मामा म्हणाले. “गादी होती. मग दगूड पडला तरी पत्रा चेपत न्हाई.” त्या शिफ्टचे उरलेले डंपर त्यांनी हाताने भरले आणि मी मागे उभा राहून बघत होतो. बकेट जड आली की बूम रेंगाळते, इंजिनचा आवाज दबतो. तेवढ्यावर ते ओतायची जागा फूटभर पुढे घ्यायचे.

गंमत म्हणजे तीच माहिती मशीनकडेही होती. बूमच्या सिलिंडरमधल्या तेलाच्या दाबावरून प्रत्येक बकेटचं वजन निघतच होतं, पण ते फक्त एकूण बेरजेसाठी वापरलं जाई. आता स्विंग, म्हणजे भरलेली बकेट घेऊन डंपरकडे वळणं, चालू असतानाच बकेटचं वजन घ्यायचं, आधी पडलेल्या मालाचा गुरुत्वमध्य काढायचा आणि पुढची बकेट कुठे रिकामी केली तर तो जागेवर येईल ते ठरवायचं, असा बदल केला. लिहायला सोपं आहे. बकेट उचलताना झटका बसतो तेव्हा दाबाचा आकडा उड्या मारतो. तो स्थिर होईपर्यंत अर्धा स्विंग झालेला असतो. उरलेल्या एक-दोन सेकंदांत जागा बदलायची, त्यातही फिरत्या बूममुळे माल बकेटच्या बरोबर खाली न पडता स्विंगच्या दिशेने पुढे जातो, तेही धरायचं.

स्विंग थोडा सावकाश केला तर आकडा चांगला मिळतो. उत्पादन विभागाला हे अर्थातच पसंत नव्हतं. एका बकेटचं चक्र २५ सेकंदांच्या आसपास, त्यात वाढलेला प्रत्येक सेकंद महिनाअखेरीस टनांत दिसतो. माझ्या मते ती कुरकुर एकांगी होती, टायरचा खर्च त्यांच्या हिशेबात येत नव्हता. शेवटी असं ठरलं की लागोपाठच्या बकेटांच्या वजनात ठळक फरक दिसला तरच वेग कमी करायचा, एरवी नाही. कोरड्या दिवसांत त्याची गरज फारशी पडत नाही.

मामांची चुऱ्याची गादी मात्र अजून मशीनला जमलेली नाही. त्यासाठी खणण्याआधीच दगड कुठे आणि चुरा कुठे ते कॅमेऱ्याने ओळखावं लागेल, आणि ओल्या धुळीने माखलेल्या ढिगात सगळं एकाच रंगाचं दिसतं.